चावीकडे वळलेला कारागीर

आपोआप चावी भरली जाणारे घड्याळ ही विसाव्या शतकाची देणगी आहे, अशी अनेकांची समजूत असते. तसे मनगटी घड्याळ १९२०च्या दशकात आले हे खरे. परंतु खिशातील घड्याळात हा चमत्कार अठराव्या शतकातच घडला होता. तो नावारूपाला आणणारे अब्राहम-लुई ब्रेगे यांचा संसार मात्र पुढे तारला तो साध्या चावीच्या घड्याळाने.

ब्रेगे यांचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. बालपणीच वडिलांचे छत्र हरपले. आईने दुसरा विवाह केला तो घड्याळांच्या व्यवसायातील गृहस्थाशी, आणि मुलाच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली. किशोरवयात ते फ्रान्समध्ये व्हर्सायला उमेदवारीसाठी आले आणि गणिताचे शिक्षणही त्यांनी घेतले. १७७५ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. पाच वर्षांतच पत्नीचे निधन झाले; लहानगा मुलगा आणि हातातले काम एवढेच मागे उरले.

याच सुमारास त्यांचे आपोआप चावी भरणारे घड्याळ तयार झाले. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. स्वित्झर्लंडचे पेरले आणि लिएजचे सार्तों यांनी १७७०च्या दशकात तसे प्रयोग केलेच होते. ब्रेगे यांचे श्रेय असे, की त्यांनी हे यंत्र भरवशाचे केले. घड्याळाच्या पोटात प्लॅटिनमचे एक वजन कडेला खिळवलेले असे. मालक चालू लागला की ते वर-खाली हाले आणि कमान गुंडाळली जाई. कमान पुरती भरली की वजन आपोआप अडकून बसे, म्हणजे ती ताणून तुटण्याची भीती नको. १७८२ मध्ये असे एक घड्याळ राणी मारी आंत्वानेतला मिळाले आणि दरबारात ब्रेगे यांचे नाव दुमदुमू लागले.

पण या चमत्काराला मर्यादा होत्या. खिशातले घड्याळ हाताइतके हालत नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या उमरावाच्या खिशात ते वजनही बसूनच राहणार! शिवाय जड वजनामुळे घड्याळ जाड होई, भाग वाढत, घडणीला वेळ लागे आणि किंमत राजेरजवाड्यांनाच परवडे. फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि हे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. १७९३ मध्ये दरबाराशी असलेले संबंध जिवावर बेतण्याची वेळ आली, तेव्हा क्रांतिकारकांचे पुढारी मारा यांच्या ओळखीने ब्रेगे यांना देश सोडता आला, असे सांगतात. राणीचा त्याच वर्षी शिरच्छेद झाला.

ते दोन वर्षे परागंदा होते. १७९५ मध्ये परतले तेव्हा दुकानाची पार वाताहत झाली होती. पन्नाशीला टेकलेल्या या कारागिराने अशा वेळी जे केले, ते मला त्यांच्या साऱ्या शोधांहून मोलाचे वाटते. त्यांनी यंत्रात भर घालण्याऐवजी काटछाट केली. मधोमध एक मोठी कमान, पांढऱ्या मिन्याची तबकडी आणि काटा फक्त एक! तासाच्या खुणांमध्ये पाच-पाच मिनिटांचे भाग पाडलेले; सवय झाली की त्यावर अंदाजे मिनिटही वाचता येई. चावी रोज हाताने द्यायची. किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ घेऊन काम सुरू करायचे, अशी वर्गणीची पद्धत त्यांनी ठेवली; म्हणून ही घड्याळे 'सूस्क्रिप्सियों' म्हणजे वर्गणीची म्हणून ओळखली गेली. अशी सुमारे सातशे घड्याळे विकली गेली. कारखाना पुन्हा उभा राहिला.

ब्रेगे यांनी आपोआप चालणारी घड्याळे बनवणे सोडले नाही. १७९८ मध्ये इजिप्तच्या मोहिमेआधी नेपोलियनने त्यांच्याकडून तीन वस्तू घेतल्या, त्यांत असे एक घड्याळ होते. मात्र त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या हजारो घड्याळांत ही थोडीच. उभ्या घड्याळावर गुरुत्वाकर्षणामुळे होणारा परिणाम पुसण्यासाठी आंदोलनाचे चक्र पिंजऱ्यात बसवून सतत फिरवण्याची त्यांची 'तूर्बियों' ही युक्ती १८०१ मध्ये पेटंट झाली. तीही चावीच्याच घड्याळांत आली. उलटी फिरवली तरी यंत्राला इजा न करणारी एक चावी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे एचएमटीचे 'जनता' वापरलेल्या वाचकाला या चावीची गोडी वेगळी सांगायला नको. फिरते वजन नसल्याने घड्याळ सडपातळ राहते, भाग कमी म्हणून दुरुस्ती सोपी होते आणि कमान भरत आली की बोटांना होणारा तो विरोध दुसरे कोणतेही घड्याळ देत नाही. विसरलो तर ते बंद पडते, ही तक्रार खरीच आहे. पण पेटीत पडून राहिलेले आपोआप चालणारे घड्याळही बंदच पडते.

पुढे मानसन्मान आले. १८१५ मध्ये फ्रेंच नौदलाचे घड्याळजी, १८१६ मध्ये विज्ञान अकादमीचे सदस्यत्व. १७ सप्टेंबर १८२३ रोजी पॅरिसमध्ये ब्रेगे यांचे निधन झाले. राणीसाठी १७८३ मध्ये मागवले गेल्याचे सांगतात ते १६० क्रमांकाचे घड्याळ तेव्हाही अपुरेच होते. त्या काळी ज्ञात असलेली झाडून सारी करामत, आपोआप चावी भरण्यासह, त्यात बसवायची होती. ते १८२७ मध्ये पूर्ण झाले. १९८३ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीस गेलेले हे घड्याळ सापडल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.