एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान म्हणजे शेतात उभे राहून मान वर करून पाहावयाची वस्तू, एवढाच आमचा तिच्याशी परिचय. तरीही या महोत्सवी अंकात एका वैमानिकाचे चरित्र आम्ही देत आहोत. एर्लिक विल्मट पिंटो हे नाव आमच्या तरुणांच्या कानी पडावे, अशी आमची इच्छा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पिंटो हवाई दलात शिरले व पुढील सारे आयुष्य त्यांनी त्याच सेवेत वेचले. कसोटीचा प्रसंग १९६१ च्या डिसेंबरात आला. गोवा पोर्तुगीजांपासून सोडविण्याच्या मोहिमेतील सर्व विमानांचे आधिपत्य त्यांजकडे होते. पुणे आणि बेळगावजवळील सांबरे हे तळ. गोव्यात पिंटो आडनावाची कितीतरी घरे, आणि जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा देह! सेनापतीच्या मनाचा तर्क करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कामगिरी काय होती ते पाहणे पुरे. दाबोळीची धावपट्टी निकामी करावयाची, पण विमानतळाच्या इमारतींस धक्का लावावयाचा नाही. बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडावयाचे. दमण व दीव येथील विमानतळांवर पूर्वपरवानगीवाचून हल्ला करावयाचा नाही.

१८ डिसेंबरास बारा कॅनबेरा विमानांनी काही मिनिटांत ६३,००० पौंडांचे बॉम्ब दाबोळीवर टाकले. दुसऱ्या खेपेस आणखी आठ विमाने आली. इतके होऊनही इमारती उभ्या राहिल्या, आणि बाजूस असलेली दोन प्रवासी विमानेही शाबूत राहिली. रात्री खड्डे कसेबसे बुजवून पोर्तुगीजांनी त्याच विमानांतून अधिकाऱ्यांची कुटुंबे बाहेर काढली. बॉम्बांच्या वजनापेक्षा ही गोष्ट आम्हांस अधिक सांगण्याजोगी वाटते.

पुढे १९६३ साली पिंटो हवाई दलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख होते. २२ नोव्हेंबरास काश्मीरच्या पूंछ भागात ते हेलिकॉप्टरमधून जात असता, नदीवर ताणलेल्या तारांस यंत्र अडकून कोसळले. लेफ्टनंट जनरल दौलतसिंग व बिक्रमसिंग, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय, वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सोधी आणि पिंटो, असे सहाही जण मृत्यू पावले. त्याच दिवशी अमेरिकेचे कॅथॉलिक अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, व जगाचे लक्ष तिकडे वळले. सैन्याने मात्र या अपघातानंतर, इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांस एकाच विमानातून पाठवू नये, हा दंडक कडक केला.