माशांच्या पोटातले जंत शोधणारा बर्लिनचा डॉक्टर

मासा चिरताना कधीकधी पोटातून पांढरी फीत निघते. घरातले नाक मुरडतात, मासा उकिरड्यावर जातो. जर्मनीतल्या डॉ. मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी मात्र हेच जंत जमवले.

ब्लॉख यांचा जन्म १७२३ चा, आन्सबाखचा. घर गरीब ज्यू कुटुंबाचं. १९ वर्षांचे होईपर्यंत त्यांना जर्मन वाचताही येत नव्हतं, हिब्रू तेवढी यायची. हॅम्बुर्गला एका ज्यू शल्यवैद्याच्या घरी ते शिकवायला राहिले अन् तिथंच स्वतः जर्मन, लॅटिन शिकले. पुढे डॉक्टर झाले, बर्लिनमध्ये जम बसला.

जंत अंगात येतात कुठून, यावर त्या काळी मोठा वाद होता. डेन्मार्कच्या विज्ञान संस्थेने त्यावर बक्षीस लावलं. ब्लॉख यांनी मासे, पक्षी, जनावरं चिरून पाहिली. जंत नाना तऱ्हेचे निघाले. काही फितीसारखे चपटे, काही दोऱ्यासारखे गोल, काहींच्या तोंडाला काटे. असे जंत बाहेर माती-पाण्यात दिसत नाहीत, म्हणजे ते जन्मापासूनच अंगात असणार, असं त्यांनी मांडलं. १७८२ ला पुस्तक निघालं, बक्षीसही मिळालं.

पण उत्तर चुकलं होतं. डेन्मार्कचेच पशुवैद्य आबिल्डगार्ड यांनी काही वर्षांतच जंत असलेले छोटे मासे बदकांना खाऊ घातले, अन् तेच जंत बदकांच्या आतड्यात सापडले. पक्ष्याच्या विष्ठेतून जंताची अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली पिल्लं पाण्यातले बारीक जीव गिळतात, ते जीव मासा खातो, माशाला पुन्हा पक्षी. हे सगळं चक्र उलगडायला पुढे बराच काळ गेला. तरी कोणत्या माशात कोणता जंत, ही ब्लॉख यांची नोंद कामाचीच राहिली. बक्षिसापेक्षा ती मोठी म्हणावी लागेल.

साठीच्या आसपास त्यांनी माशांवरचा ग्रंथ काढायला घेतला. १२ भाग, ४३२ रंगीत चित्रं. सुरुवातीचा खर्च खिशातून. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीहून एक मिशनरी त्यांना मासे पाठवायचा. आपल्या तळ्यातल्या मरळीचं शास्त्रीय नाव चन्ना स्ट्रायाटा. त्यातला स्ट्रायाटा, म्हणजे पट्टेवाली, हा शब्द ब्लॉख यांनीच १७९३ ला दिलेला.

१७९९ ला ते वारले. त्यांनी जमवलेले सुमारे ८०० मासे आजही बर्लिनच्या संग्रहालयात आहेत.