जुगाऱ्यांना पत्त्यांचं गणित समजावणाऱ्या डी मॉयव्हरला आयुष्यभर नोकरी मिळाली नाही

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला डी मॉयव्हरचं प्रमेय भल्याभल्यांचा घाम काढतं. पण प्रमेयवाला हाच माणूस पोटासाठी जुगाऱ्यांना सल्ले द्यायचा, हे वर्गात सहसा कुणी सांगत नाही.

अब्राहम डी मॉयव्हरचा जन्म १६६७ चा, फ्रान्समधल्या व्हित्री-ल-फ्रान्स्वा गावातला. घर प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये राजा चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं धार्मिक संरक्षण काढून घेतलं आणि लाखोंनी देश सोडला. डी मॉयव्हरही लंडनला पोहोचला आणि परत कधी फ्रान्सला गेला नाही.

लंडनमध्ये तो घरोघरी जाऊन शिकवण्या घ्यायचा. याच काळात न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' हाती लागलं. एवढा जाड ग्रंथ वाचायला वेळ कुठून आणायचा? म्हणून पठ्ठ्याने पानं फाडून खिशात ठेवली आणि एका शिकवणीहून दुसरीकडे जाताना वाचून काढली, असं सांगतात. पुढे न्यूटनशी दोस्ती झाली, १६९७ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही मिळालं. प्राध्यापकी मात्र नाही. परक्या देशातून आलेल्याला ती देणार कोण?

मग सेंट मार्टिन्स लेनमधलं स्लॉटर्स कॉफी हाऊस हाच त्याचा अड्डा झाला. तिथे जुगारी येऊन विचारायचे, अमुक डावात जिंकायची शक्यता किती? यातली बरीच गणितं १७१८ च्या 'द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस' या पुस्तकात आली. पुस्तक अर्पण केलं होतं न्यूटनला.

१७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने एक गोष्ट अगदी सोपी करून मांडली. समजा, एकाच रंगाच्या १३ पानांचे दोन वेगळे ढीग आहेत. दोन्हींतून एकेक पान काढलं, तर दोन्ही एक्के येण्याची शक्यता १/१३ गुणिले १/१३, म्हणजे १/१६९. एका ढिगाचा दुसऱ्याशी संबंधच नाही. आता ढीग एकच घ्या आणि आधी एक्का, मग दुर्री काढायची पैज लावा. एक्का निघाला की उरली १२ पानं. त्यामुळे दुर्रीची शक्यता १/१२ आणि दोन्हींची मिळून १/१५६. पहिल्या पानाने दुसऱ्याचं गणित बदललं. यालाच आज अवलंबी घटना म्हणतात.

हाच हिशोब ५२ पानांच्या कॅटला लावून बघा. लागोपाठ दोन एक्के येण्याची शक्यता ४/५२ गुणिले ३/५१, म्हणजे २२१ मध्ये १. पहिला एक्का परत ठेवून पत्ते पिसले, तर १६९ मध्ये १. काढलेलं पान परत जात नाही हे विसरणारा जुगारी आपली शक्यता बरीच फुगवून बसतो. आणि जुगारात पैसे बुडायला तेवढी चूक पुरते. (अर्थात, हिशोब बरोबर करणारेही बुडतातच.)

१७५४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. तेव्हा तो ८७ वर्षांचा होता आणि काही महिन्यांतच, २७ नोव्हेंबरला, लंडनमध्ये वारला. रोज पंधरा मिनिटं जास्त झोपायचा आणि त्यावरून त्याने मरणाची तारीख काढली होती, ही गोष्ट अजून फिरते. तिला पुरावा नाही. पुस्तकाची तिसरी आवृत्ती १७५६ मध्ये निघाली.