ग्रंथप्रेमी न्यायमूर्ती रानडे

ग्रंथ जमविणारी माणसे पुष्कळ असतात, ग्रंथ वाचणारीही असतात. परंतु वाचनाने मिळालेले धन आपल्यापुरते न ठेवता ते इतरांच्या हाती पडावे म्हणून जन्मभर झटणारी माणसे थोडी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे अशा थोड्यांपैकी एक होते.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड ह्या गावी झाला. वडील गोविंदराव कोल्हापूरास नोकरीत असल्यामुळे महादेवरावांचे बालपण तेथेच गेले. लहानपणी हा मुलगा इतका अबोल व संथ असे की, पुढे ह्याचे कसे होणार, अशी आईस काळजी वाटे. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात तो मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाला आणि तेथे ग्रंथांचे एक नवे जग त्याच्यापुढे उघडले.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली बी. ए. होऊन महादेवराव विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. परीक्षेस नेमलेल्या पुस्तकांनी मात्र त्यांचे समाधान होत नसे. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, कायदा अशा सर्व विषयांत ते सारख्याच आवडीने रमत. त्या काळी रात्रीचे वाचन तेलाच्या दिव्यापुढे करावे लागे. ह्या अखंड वाचनाचा ताण डोळ्यांवर पडला आणि तरुणपणीच त्यांची दृष्टी अधू झाली.

वाचनाचे वेड असलेल्या माणसावर याहून मोठे संकट कोणते? दुसरा एखादा निराश होऊन ग्रंथ मिटून बसला असता. रानड्यांनी निराळा मार्ग धरला. ते दुसऱ्याकडून वाचवून घेऊ लागले. वर्तमानपत्रे, अहवाल, ग्रंथ असे सारे ते एकाग्र चित्ताने ऐकत आणि ऐकलेले मनात साठवून ठेवीत. डोळ्यांचे काम कानांनी व स्मरणशक्तीने पत्करले, आणि त्यांच्या विद्याव्यासंगात खंड पडला नाही.

१८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. दोनच वर्षांनी त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशीच विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. ह्याबद्दल त्यांस पुष्कळ टीका सोसावी लागली.

रमाबाईंस तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी विवाहानंतर लगेच त्यांच्या शिक्षणास आरंभ केला. प्रथम मराठी व पुढे इंग्रजी असा हा अभ्यास चालला. स्त्रीने पुस्तक हाती धरणे हे त्या काळी घरातील वडीलधाऱ्या बायकांस मुळीच रुचत नसे. टोमणे, अबोला, टाकून बोलणे असे सर्व रमाबाईंस सोसावे लागले. रानड्यांचा सल्ला एवढाच असे की, उलट उत्तर करू नये आणि अभ्यासही सोडू नये. ह्या जाचातूनच रमाबाई शिकल्या. पुढे पतीस वाचून दाखविण्याचे कामही त्या करू लागल्या. ज्यांनी त्यांस अक्षरे दिली, त्यांचे डोळे त्या झाल्या.

घरात जे केले तेच रानड्यांनी समाजातही केले. मराठी ग्रंथ वाढावेत, लेखकांनी एकत्र येऊन विचारविनिमय करावा, ह्या हेतूने ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत पहिले मराठी ग्रंथकार संमेलन भरले. लोकहितवादींच्या सहकार्याने रानड्यांनी ते घडवून आणले व त्याचे अध्यक्षपदही भूषविले. आजच्या साहित्य संमेलनांचे मूळ ह्या सभेत आहे. पुण्यात १८८४ साली मुलींसाठी जे हायस्कूल निघाले, त्याच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीस स्थान मिळावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ खटपट केली.

१८९३ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कामाचा भार वाढला, तरी व्यासंग सुटला नाही. बखरी व जुने कागद अभ्यासून त्यांनी मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९०० साली प्रसिद्ध झाला. मराठ्यांचा उदय हा केवळ एका शूर पुरुषाचा पराक्रम नसून त्यामागे संतांनी जागविलेल्या सर्व समाजाचे बळ होते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. त्यानंतर थोड्याच काळाने, १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

रमाबाईंनी पतीच्या मागे आपले जीवन स्त्रियांच्या शिक्षणास वाहिले. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, ते त्यांच्याच परिश्रमाने. १९१० साली त्यांनी पतीसह घालविलेल्या आयुष्याच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. रानड्यांच्या घरातील रूपाची खरी ओळख महाराष्ट्रास झाली ती ह्याच ग्रंथामुळे. अकराव्या वर्षी जिला एक अक्षरही येत नव्हते, त्या मुलीने तो लिहिला होता. रानड्यांच्या ग्रंथप्रेमाची याहून मोठी साक्ष दुसरी नाही.