साखरेचे महाल बांधणारा कारेम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला मामांकडे गेलो होतो. मामा एका बड्या पेस्ट्रीच्या दुकानात मागच्या बाजूला कामाला आहेत. तिथल्या एका केकचा कडेने मोडलेला तुकडा त्यांनी मला कागदात गुंडाळून आणून दिला. खाली मऊ बिस्किटासारखा थर, त्यावर चॉकलेटचा फेसाळ थर आणि वर पुन्हा सायीसारखा पांढरा थर. तोंडात घातला आणि चावण्याआधीच नाहीसा झाला! चव नीट कळायच्या आत संपला, याची चुटपुट लागून राहिली. याला मूस केक म्हणतात आणि हा प्रकार फ्रान्सकडचा, एवढेच मामांना ठाऊक होते. कॉलेज उघडल्यावर ग्रंथालयात शोधता शोधता हाती लागला तो मारी-आंत्वान कारेम.

कारेमचा जन्म १७८४ च्या सुमारास पॅरिसमध्ये एका गरीब मजुराच्या घरी झाला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, मिळकत तुटपुंजी आणि त्यातच राज्यक्रांतीची धामधूम. मुलगा दहा वर्षांचा झाला न झाला तोच बापाने त्याला रस्त्यावर सोडून दिले. एका साध्या खाणावळीत त्याला आसरा मिळाला. भांडी घासायची, चूल पेटवायची आणि त्याच्या मोबदल्यात दोन घास खाऊन तिथेच झोपायचे, असा त्याचा दिनक्रम होता.

१७९८ मध्ये तो सिल्व्हेन बाय्यी या नामवंत मिठाईवाल्याकडे उमेदवारीला लागला, आणि माझ्या मते त्याचे खरे आयुष्य इथूनच सुरू झाले. पोराची हुशारी पाहून बाय्यीने त्याला लिहा-वाचायला शिकण्यास उत्तेजन दिले. एवढेच नव्हे, तर कामातून सवड देऊन राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊ दिले. कारेम तिथे तासन् तास बसे. ग्रीक देवळे, इजिप्तचे मनोरे, चिनी मंडप यांची चित्रे पाही आणि उतरवून घेई. मग दुकानात येऊन कणीक, साखर आणि बदामाचा लगदा यांतून तीच देवळे, तेच मनोरे कित्येक फूट उंच उभे करी. दुकानाच्या काचेआड मांडलेले हे महाल पाहायला लोक थांबत. ज्यांच्या घरात आपल्याआधी कोणी ग्रंथालयाची पायरी चढलेले नाही, अशा माझ्यासारख्यांना या मुलाच्या मनाची धडधड वेगळी समजावून सांगायला नको.

पुढची चढण भराभर झाली. त्याने स्वतःचे दुकान काढले. मुत्सद्दी टॅलिरँडकडे त्याने मेजवान्या केल्या. वर्षभर एकही पदार्थ पुन्हा न करता, ज्या त्या ऋतूत जे पिकते तेवढेच वापरून रोजचे जेवण आखायचे, अशी कसोटी टॅलिरँडने त्याला घातली होती असे सांगतात. नेपोलियनच्या १८१० च्या विवाहसोहळ्यात, झार अलेक्झांडरसाठी, इंग्लंडच्या युवराजाकडे असे त्याचे हात सगळीकडे फिरले. राजेरजवाड्यांची ही यादी वाचताना मला मात्र थोडा कंटाळाच आला.

मला हवे होते ते त्याच्या शार्लोत या पदार्थात सापडले. साच्याला आतून बोटाएवढ्या लांबट, हलक्या बिस्किटांचे अस्तर लावायचे. फेटलेल्या सायीत साखर आणि सुवास घालून ते मिश्रण आत ओतायचे, आणि साचा कुटलेल्या बर्फात पुरून ठेवायचा. मिश्रण धरावे म्हणून त्यात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस घालत! तेव्हा फ्रिज नव्हता. हिवाळ्यात साठवलेला बर्फ वापरायचा. फेटायला यंत्र नव्हते, मनगट होते. १८१५ च्या आपल्या पुस्तकात कारेमने या पदार्थाला पॅरिसची शार्लोत म्हटले, पण लोकांच्या तोंडी रशियन शार्लोत हेच नाव बसले. माझ्या कागदातला तो तुकडा या शार्लोतच्याच कुळातला.

त्याच वर्षी त्याचे दुसरे पुस्तकही निघाले. त्यात साखरेच्या महालांची शंभरावर चित्रे आहेत, तीही त्याने स्वतः काढलेली. महाल खाल्ले गेले, वितळले. पुस्तके तेवढी राहिली.

१८२९ मध्ये तो धनाढ्य रॉथ्सचाइल्डकडे असताना आयरिश लेखिका लेडी मॉर्गन तिथे जेवायला आली. मेजावरच्या मिठाईच्या खांबावर तिला साखरेने लिहिलेले स्वतःचे नाव दिसले. तिने पुढे आपल्या पुस्तकात त्या जेवणाची भरभरून वाखाणणी केली. एका लेखिकेचे नाव साखरेत कोरणारा हा माणूस लहानपणी खाणावळीत भांडी घासत होता, हे तिथल्या किती पाहुण्यांना माहीत असेल?

बंद मुदपाकखान्यात कोळशाच्या शेगड्यांपुढे त्याचा जन्म गेला. हा कोळसा आपल्या लोकांचा जीव घेतो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १२ जानेवारी १८३३ रोजी, पन्नाशीही न गाठता, तो वारला. फ्रेंच पाककलेवरचा त्याचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला. उरलेले खंड प्ल्युमरे या दुसऱ्या आचाऱ्याने पुरे केले.

हे सारे मी मामांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. राजांविषयी, महालांविषयी काही विचारले नाही. त्या पोराला वाचायला सवड देणाऱ्या दुकानदाराचे नाव काय, एवढेच त्यांनी पुन्हा एकदा विचारले. मी सांगितले, बाय्यी.