एमिल क्रिश्चन हान्सन

एमिल क्रिश्चन हान्सन (८ मे १८४२ – २७ ऑगस्ट १९०९) हे डॅनिश कवकशास्त्रज्ञ व किण्वनशास्त्रज्ञ होते. एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरच्या औद्योगिक उत्पादनात वापरण्याची पद्धत त्यांनी १८८३ मध्ये प्रथम यशस्वी करून दाखवली.

जीवन

हान्सन यांचा जन्म डेन्मार्कमधील रीबे या गावी गरीब कुटुंबात झाला. तरुणपणी ते घरांना रंग देण्याचे काम करीत. पुढे लेखनातून पैसे मिळवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. १८७६ मध्ये कवकांवरील निबंधासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास आल्फ्रेड योर्गेनसन यांच्यासह त्यांनी डार्विनच्या बीगल जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद केला. मद्यनिर्मितीच्या व्यवसायात त्यांचा प्रवेश झाला तो सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासामुळे. उद्योजक जे. सी. याकोबसेन यांनी कोपनहेगन येथे १८७५ मध्ये स्थापन केलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते रुजू झाले. १८७९ पासून मृत्यूपर्यंत ते तेथील शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख होते.

संशोधन

माल्टच्या गोड अर्कात यीस्ट मिसळले असता साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. त्या काळी दह्याच्या विरजणाप्रमाणे एका घाण्यातील यीस्ट राखून पुढील घाण्यात घालीत. त्यामुळे एकदा शिरलेला दोष पुढे चालू राही व बिअर कडवट किंवा गढूळ होई. लुई पाश्चर यांनी अशा बिघाडाचे कारण जीवाणू असल्याचे दाखवले होते. रानटी यीस्टमुळेही बिअर बिघडते, हे हान्सन यांनी सिद्ध केले.

कार्ल्सबर्गच्या यीस्टमध्ये त्यांना चार प्रकार आढळले. त्यांपैकी एकाच प्रकारापासून चांगली बिअर तयार होत असे. यीस्टचे मिश्रण पाण्याने अतिशय विरळ करून त्यांनी एक पेशी वेगळी काढली व तिच्यापासून शुद्ध संवर्ध वाढवला. याकोबसेन यांनी १८४५ मध्ये म्युनिकहून स्वतः यीस्ट आणले होते. त्यामुळे ते मिश्र असल्याचे मान्य करण्यास ते आरंभी तयार नव्हते. नोव्हेंबर १८८३ मध्ये मोठ्या प्रमाणावर घेतलेली चाचणी यशस्वी झाल्यावर त्यांचे मत बदलले. हे यीस्ट व्यापारी गुपित म्हणून न ठेवता त्यांनी इतर उत्पादकांनाही उपलब्ध करून दिले.

वारसा

१९०८ मध्ये हान्सन यांनी या यीस्टला सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस हे नाव दिले. आज त्याचा समावेश सॅकरोमायसिस पास्टोरियानस या जातीत केला जातो. जगभरातील लागर बिअर याच जातीच्या यीस्टपासून तयार होते.