खोटा इशारा: आधी कानात, मग यानात

अवकाशात गेलेला पहिला अमेरिकन म्हणून ॲलन शेपर्ड जगाला माहीत आहेत. ५ मे १९६१ रोजी त्यांनी १५ मिनिटांचे उड्डाण केले. पण दोनच वर्षांत या कसलेल्या वैमानिकाला जमिनीवरच चक्कर येऊ लागली. सगळे गरगर फिरे, मळमळे, डाव्या कानात सतत आवाज येई आणि त्या कानाने ऐकूही कमी येई.

निदान झाले मेनिएरच्या आजाराचे. या आजारात आंतरकर्णातला द्रव प्रमाणाबाहेर साठतो. तोल सांभाळणारी यंत्रणा मग शरीर स्थिर असतानाही ते फिरत असल्याचा संदेश मेंदूला पाठवते. इशारा खोटा, पण त्रास खरा! शेपर्ड यांचे उड्डाण बंद झाले. अंतराळवीरांच्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून ते इतरांना अवकाशात पाठवत राहिले.

१९६८ मध्ये लॉस एंजेलिसला डॉ. विल्यम हाऊस यांनी त्यांच्या कानावर शस्त्रक्रिया केली आणि जादा द्रवाचा निचरा होण्यासाठी बारीक नळी बसवली. शेपर्ड रुग्णालयात खोट्या नावाने दाखल झाले होते. चक्कर थांबली आणि मे १९६९ मध्ये त्यांना पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळाली.

फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ मोहिमेत शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्राभोवती फिरत होते. उतरण्याआधी काही तास चांद्रयानाच्या संगणकाला 'मोहीम सोडा' हे बटण दाबल्याचा संकेत मिळू लागला. बटणाला कोणी हातही लावला नव्हता! उतरताना इंजिन चालू असताना हा संकेत आला असता, तर संगणकाने यान थेट माघारी वळवले असते. मिचेल यांनी पॅनेलवर टिचकी मारली आणि संकेत गेला. थोड्या वेळाने तो परत आला. टिचकीने जातो म्हणजे दोष बटणातच, बहुधा आत सुटलेल्या डागाच्या कणाचा, असा निष्कर्ष निघाला. बटण उघडणे तर शक्य नव्हते. तेव्हा एमआयटीतल्या डॉन आयल्स या तरुणाने संगणकाला त्या बटणाकडे दुर्लक्ष करायला लावणाऱ्या सूचना तयार केल्या. मिचेल यांनी त्या एकेक कळ दाबून भरल्या आणि यान सुखरूप उतरले. शेपर्ड तेव्हा ४७ वर्षांचे होते. १९९८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

दोन्ही वेळा इशारा बंद करण्याआधी तो कुठून येतो ते शोधले गेले. चक्करेच्या बाबतीतही हेच करायला हवे. नुसती चक्करेची गोळी घेत राहू नये. चक्करेबरोबर कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. मेनिएरच्या अनेक रुग्णांना मीठ कमी करून आणि औषधांनी आराम पडतो; शेपर्ड यांच्यावर झालेल्या शस्त्रक्रियेच्या उपयोगाबद्दल आजही तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र चक्करेसोबत बोलणे अडखळले, एकाऐवजी दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर तो इशारा खोटा समजू नये. तडक रुग्णालय गाठावे.